स्लोव्हेनिया बघायचा तर पाण्याच्या मागे जा

एकतीस वर्षं मी नागपुरात शाळेत भूगोल शिकवला. चुनखडकाचा धडा आला की फळ्यावर ‘कार्स्ट’ असं मोठ्या अक्षरात लिहीत असे आणि मुलांना सांगत असे, हा शब्द युरोपातल्या एका पठाराच्या नावावरून आलाय. ते पठार स्लोव्हेनियात आहे, तिथले लोक त्याला ‘क्रास’ म्हणतात. फळ्यावर रंगीत खडूनं काढलेली गुहा, तिच्या तळाशी वाहणारी नदी, छतावरून उतरलेले लवणस्तंभ हे सगळं मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं ते निवृत्तीनंतर, ६३ व्या वर्षी. सोबत आमच्या थोरल्या जाऊबाई होत्या. त्यांना मी ताई म्हणते. वय ६९, जन्मभर संस्कृत शिकवलेलं, आणि दोन्ही गुडघे दुखरे.

परत आल्यापासून नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरी कोणी ना कोणी विचारायला येतं. व्हिसा कसा काढला, शाकाहारी मिळतं का, किती दिवस लागतात, दोघीच कशा फिरल्या. म्हणून एकदा सगळं लिहून काढते.

आधी नकाशा नीट बघा. स्लोव्हेनियाचं क्षेत्रफळ २०,२७१ चौरस किलोमीटर. आपले नागपूर आणि चंद्रपूर हे दोन जिल्हे जोडले तर त्याहून थोडे जास्तच भरतात. लोकसंख्या साधारण २१ लाख. २०११ च्या जनगणनेत एकट्या नागपूर शहरात २४ लाख माणसं होती. एवढ्याशा जागेत २,८६४ मीटर उंचीचा त्रिग्लव पर्वत आहे, अर्ध्याहून जास्त जमिनीवर जंगल आहे, हजारो गुहा आहेत आणि पन्नास किलोमीटरही नसलेला समुद्रकिनारा आहे. १९९१ पर्यंत हा युगोस्लाव्हियाचा भाग होता. लहान देश म्हणून पुष्कळ टूरवाले तो दीड-दोन दिवसांत उरकतात. सकाळी ब्लेडचा तलाव, दुपारी राजधानी, रात्री पुढचा देश. तसं जाऊ नका. दहा रात्री काढता येत असतील तरच जा, नाहीतर थोडं थांबा आणि पैसे साठवून जा, इतकं मी ठामपणे सांगते.

मी आखणी पाण्यावरून केली. पावसाचं पाणी किंचित आम्लधर्मी असतं, त्यात चुनखडक विरघळतो. म्हणून तिथल्या नद्या चालता चालता जमिनीत शिरतात, आत गुहा कोरतात आणि कुठेतरी लांब दुसऱ्याच नावानं वर येतात. आपल्याकडे वैनगंगा आणि वर्धा मिळाल्या की पुढे प्राणहिता म्हणतात, तसंच ते, पण तिथे बुडी मारून वर आलं की नाव बदलतं. राजधानी ल्युब्लियानामधून वाहणाऱ्या ल्युब्लियानित्साला ‘सात नावांची नदी’ म्हणतात. तिचं पाणी पोस्तोयना गावाजवळ पिव्का या नावानं गुहेत शिरतं. त्सेर्कनित्साच्या तलावाकडून राक नावाची दुसरी नदी येते. जमिनीखाली, प्लानिनाच्या गुहेत, दोघी भेटतात आणि उनित्सा होऊन बाहेर पडतात. उनित्सा पुन्हा जमिनीत जाते. मग वर्ह्निका गावाशी झऱ्यांतून वर येते तेव्हा ती ल्युब्लियानित्सा झालेली असते. ही एक नदी धरून फिरलात तर निम्मा देश आपसूक बघून होतो.

आमच्या रात्री अशा: दोन ल्युब्लियाना, तीन पोस्तोयना, चार बोहिन, शेवटी पुन्हा दोन ल्युब्लियाना. चार वेळा बॅग उचलली, त्याहून जास्त नाही. पन्नाशी ओलांडलेल्यांनी हे गणित आधी करावं.

कागदपत्रं आणि प्रवास

स्लोव्हेनिया २००७ पासून शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे आणि चलन युरो. शेंगेनचा नियम साधा आहे: ज्या देशात सगळ्यात जास्त रात्री राहणार, त्याच देशाचा व्हिसा मागायचा. आम्ही उतरलो इटलीत, व्हेनिसला, पण रात्री जवळपास सगळ्या स्लोव्हेनियातल्या होत्या, म्हणून अर्ज स्लोव्हेनियाचा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि कमीत कमी पंधरा दिवस आधी. पंधराव्या दिवसावर मात्र विसंबू नका, दोन-तीन महिने हाताशी ठेवा. मोठ्यांसाठी फी ९० युरो. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा आणि सगळ्या दिवसांचा हवा. बोटांचे ठसे द्यायला आम्ही मुंबईला जाऊन आलो. आमच्या एजंटानं एका हॉटेलच्या बुकिंगवर तारीख चुकीची टाकली होती. ताईंनी आदल्या रात्री सगळे कागद वहीतल्या यादीशी ताडून बघितले म्हणून ती सापडली. कागद स्वतः वाचल्याशिवाय देऊ नका.

भारतातून ल्युब्लियानाला थेट विमान नाही. आम्ही नागपूर-दोहा-व्हेनिस असं गेलो आणि व्हेनिसहून बसनं साधारण चार तासांत ल्युब्लियाना गाठलं. इटली-स्लोव्हेनियाच्या सीमेवर अधूनमधून तपासणी होते, तेव्हा पासपोर्ट बसच्या पोटातल्या बॅगेत टाकू नका, जवळ ठेवा.

आणि एक खास आपल्यासाठी. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे संत्रा बर्फीत खवा असतो, तीही नाही. तुपाची बरणी नाही. ताजी संत्रीही त्यांच्या तपासणीच्या कागदाशिवाय चालत नाहीत. आमच्या घरमालकीणबाईंसाठी काय न्यावं हा प्रश्नच पडला होता. शेवटी भंडाऱ्याकडच्या टसरचे दोन रुमाल नेले. भाजक्या पोह्यांचा चिवडा, मेतकूट, तेलातली चटणी, कोरडे खाकरे एवढं मात्र भरपूर न्या. पुढे उपयोगी पडतं.

आम्ही गेलो मे संपता संपता. नागपुरात पारा ४५ च्या पुढे होता आणि बोहिनला सकाळी स्वेटर लागत होता. जुलै-ऑगस्टमध्ये ब्लेडला फार गर्दी होते. मे-जून किंवा सप्टेंबर धरा. छत्री कायम पाठीवर असू द्या, कारण डोंगरातला पाऊस सांगून येत नाही.

गुहा: इथे दिवस मोजू नका

पोस्तोयनाची गुहा २४ किलोमीटर लांब आहे. १८१८ मध्ये लुका चेच नावाचा तिथलाच एक माणूस आतल्या मोठ्या दालनांपर्यंत पोचला आणि पुढच्याच वर्षी ती लोकांसाठी उघडली. आत चक्क रेल्वे आहे. १८७२ मध्ये रूळ टाकले तेव्हा डबे माणसं ढकलत असत, आता विजेवर चालते. दीड तासाच्या फेरीत साडेतीन किलोमीटरहून जास्त अंतर गाडीतून आणि दीडेक किलोमीटर पायी. पायी वाट सिमेंटची, चढ-उताराची, पण पायऱ्या फारशा नाहीत. ताईंचे गुडघे इथे अजिबात बोलले नाहीत. उघड्या गाडीत वारा लागतो आणि आत बाराही महिने साधारण १० अंश, म्हणून कानटोपी न्या. बाहेर उन्हात ती बावळट वाटते, आत सगळे आपल्याकडे बघत राहतात.

गाडी सुटल्यावर पहिली पाच मिनिटं मी काही बोलले नाही. अधोमुखी लवणस्तंभ छतावरून उतरतात, ऊर्ध्वमुखी जमिनीवरून चढतात, दोन्ही मिळाले की खांब होतो: हे वाक्य मी किती वेळा म्हटलं असेल! तिथे हे तिन्ही एका नजरेत उभे होते. ‘ब्रिलियंट’ नावाचा पाच मीटर उंचीचा पांढराशुभ्र स्तंभ तर ओला चमकतो. थेंब अजून पडतोय, म्हणजे तो अजून वाढतोय.

फेरीच्या शेवटी एका काचेच्या टाकीत प्रोटियस असतो. तिथले लोक त्याला ‘माणूसमासा’ म्हणतात, कारण कातडीचा रंग आपल्या त्वचेसारखा फिकट गुलाबी. मासा नाही तो, बेडकाच्या नात्यातला उभयचर आहे. आंधळा, अंधारात राहणारा, शंभर वर्षांच्या आसपास जगू शकणारा आणि वर्षानुवर्षं अन्नाशिवाय तग धरणारा. २०१६ मध्ये याच गुहेत त्याच्या अंड्यांतून पिल्लं बाहेर आली. युरो येण्याआधी त्यांच्या दहा स्तोतिनच्या नाण्यावर याचंच चित्र होतं. टाकीसमोर फ्लॅश मारू नका. बस्तरमधल्या कुटुमसर गुहेत मी आंधळे मासे पाहिले होते, त्यामुळे अंधारातल्या प्राण्याचे डोळे कसे जातात हे मला ताईंना समजावता आलं. एवढा वेळ त्या टाकीपाशी उभ्या राहिल्या की गाईडला परत यावं लागलं.

पोस्तोयनापासून नऊ किलोमीटरवर प्रेदयामाचा किल्ला आहे. १२३ मीटर उंच कड्याच्या मध्यावर गुहेचं तोंड, आणि त्या तोंडातच किल्ला बांधलेला. पंधराव्या शतकात एराझेम नावाच्या सरदारानं इथे वेढ्याला तोंड दिलं. मागच्या गुहेतल्या गुप्त वाटेनं तो बाहेरून अन्न आणत असे, असं सांगतात. आत पायऱ्या उंच आणि अरुंद आहेत. ताई समोरच्या बाकावर बसून राहिल्या आणि खरं सांगते, किल्ला बाहेरूनच जास्त सुंदर दिसतो.

आता श्कोत्स्यान. एकच गुहा बघायला वेळ असेल तर कोणती, असं मला रोज विचारतात. गुडघे बरे असतील तर डोळे मिटून श्कोत्स्यान. १९८६ पासून ती युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. पोस्तोयनाहून रेल्वेनं तासाभराच्या आत दिवाचा स्टेशन येतं, तिथून गुहा तीन किलोमीटर. हंगामात स्टेशनहून गाडी असते, आम्ही मात्र मुद्दाम पायवाटेनं गेलो. दोन्हीकडे चुनखडकाची उघडी हाडं, मध्ये मध्ये वाटीसारखे खोल खड्डे. पाठ्यपुस्तकात या खड्ड्यांना ‘डोलाइन’ म्हणतात. तिथल्या भाषेत ‘दोलिना’ म्हणजे साधी दरी! आणि पुस्तकातलं ‘पोलिये’, म्हणजे चुनखडकातलं मोठं सपाट खोरं, ते त्यांचं नुसतं शेत. मी मुलांकडून घोकून घेतलेले शब्द तिथल्या शेतकऱ्यांचे रोजचे शब्द निघाले. वाटेत एका बाईंना मी खड्ड्याकडे बोट दाखवून विचारलं तर त्या सहज म्हणाल्या, ‘दोलिना’.

श्कोत्स्यानमध्ये रेल्वे नाही, रंगीत दिवे नाहीत. साधारण दोन तासांची फेरी आणि पाचशेच्या आसपास पायऱ्या. पहिल्या भागात नेहमीचे लवणस्तंभ दिसतात. मग एका वळणावर गडगडाट ऐकू येतो, आणि समोरची गुहा अशी उघडते की पलीकडच्या भिंतीवरचे दिवे आकाशातल्या चांदण्यांसारखे दिसतात. तळाशी रेका नदी धावते. ‘रेका’ म्हणजे नुसती नदीच. तिच्यावर सुमारे ४५ मीटर उंचीवर पूल आहे, म्हणजे पंधरा मजली इमारतीच्या गच्चीवरून खाली बघावं तेवढं. समोरच्या कड्यात जुन्या शोधकांनी कोरलेल्या, हाताएवढ्या रुंदीच्या पायऱ्या दिसतात. मेणबत्त्यांच्या उजेडात लोकांनी तिथे छिन्नी चालवली होती. हीच रेका पुढे तीस किलोमीटरहून जास्त अंतर जमिनीखालून जाऊन इटलीत तिमावो नावानं वर येते आणि समुद्राला मिळते. आत फोटो काढू देत नाहीत, ते बरंच आहे. ताई त्या दिवशी माहिती केंद्राशेजारच्या नजाऱ्याच्या जागेवर थांबल्या. तिथून खोल दोलिना आणि गुहेत शिरणारं पाणी वरूनच दिसतं. पायऱ्या जमत नसतील त्यांनी तेवढं जरूर बघावं.

तिसरा दिवस आम्ही त्सेर्कनित्साला दिला. त्यासाठी टॅक्सी केली, कारण तळ्याकाठी बस फिरत नाही. हे तळं पावसाळी दिवसांत भरलं की देशातलं सगळ्यात मोठं तळं होतं, पंचवीस चौरस किलोमीटरच्या आसपास. उन्हाळ्यात तळातल्या भोकांतून पाणी गळून जातं आणि तिथे गवत कापतात. वाल्वाझोर नावाच्या तिथल्या विद्वानानं सतराव्या शतकात या येण्याजाण्याचा अभ्यास केला आणि त्याच कामामुळे १६८७ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीनं त्याला सदस्य करून घेतलं. आम्ही गेलो तेव्हा तळं निम्मं उतरलं होतं. पाण्यात अर्ध्या बुडालेल्या पायवाटेवर उभं राहून मी ताईंना म्हटलं, “हे पाणी आता ल्युब्लियानाला निघालंय.” परतताना टॅक्सीवाल्याला राकोव श्कोत्स्यानच्या दरीत थांबायला सांगा. गुहेचं छत कोसळून उरलेले दोन नैसर्गिक दगडी पूल तिथे आहेत. तिकीट नाही, गर्दी नाही.

डोंगराकडे

ब्लेड सुंदर आहे, यात शंका नाही. दोन किलोमीटरचा तलाव, मध्ये बेटावर चर्च, कड्यावर किल्ला. या किल्ल्याचा पहिला उल्लेख १०११ सालचा. पण अर्धा दिवस पुरतो. सकाळी आठच्या आत पोचा, काठानं सहा किलोमीटरची फेरी मारा, मग ‘प्लेत्ना’ नावाच्या होडीतून बेटावर जा. ती होडी नावाडी उभ्यानं वल्हवतो. बेटावर ९९ पायऱ्या आणि वर इच्छापूर्तीची घंटा. ताई ९९ पायऱ्या चढल्या! दर दहा पायऱ्यांवर थांबल्या, पण चढल्या, आणि घंटा तीनदा वाजवली. क्रेमना रेझिना नावाचा सायीच्या थरांचा केक ब्लेडची ओळख आहे. त्यात अंडं असतं, न खाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

मुक्काम मात्र बोहिनला करा. बसनं पाऊण तास पुढे. त्रिग्लव राष्ट्रीय उद्यानातला हा चार किलोमीटर लांबीचा तलाव ब्लेडहून मोठा आणि कितीतरी शांत आहे. त्याच्या टोकाशी सावित्सा धबधबा ७८ मीटरवरून कोसळतो, आणि तो नदीच्या पात्रातून नाही, कड्याच्या पोटातून बाहेर येतो. वरच्या तळ्यांचं पाणी डोंगरात शिरून तिथे फुटतं. पायऱ्या पाचशेहून जास्त आहेत, मी एकटी गेले. ताईंसाठी व्होगेल डोंगरावर जाणारी केबल कार होती, थेट १,५३५ मीटरवर. समोर त्रिग्लव दिसतो. त्रिग्लव म्हणजे तीन डोक्यांचा, आणि तोच त्यांच्या झेंड्यावर आहे.

बोहिनहून एक प्रवास चुकवू नका. बोहिन्स्का बिस्त्रित्सा स्टेशनवरून नोवा गोरित्साकडे जाणारी रेल्वे घ्या. १९०६ मध्ये सुरू झालेला हा मार्ग सुटताच सहा किलोमीटरहून लांब बोगद्यात शिरतो. बोगद्याच्या अलीकडे पडलेला पाऊस सावा नदीतून डॅन्यूबला आणि मग काळ्या समुद्राला जातो. पलीकडे पडलेला सोचा नदीतून एड्रियाटिकला. जलविभाजक रेषा आपण डोंगराच्या पोटातून ओलांडतो! पलीकडे उजाडलं की काही वेळानं सोचाचं पाणी दिसतं, हिरवट निळं, पुदिन्याच्या वडीसारखं. याच नदीकाठी १९१५ ते १९१७ मध्ये इटली आणि ऑस्ट्रिया-हंगेरीच्या बारा लढाया झाल्या. सोल्कानला उतरून थोडं चाललं की याच रेल्वेचा दगडी पूल खालून दिसतो. त्याची कमान ८५ मीटरची आहे, दगडी रेल्वे पुलांमध्ये जगात सर्वांत मोठी. काम चालू असेल तेव्हा या मार्गावर गाडीऐवजी बस देतात, म्हणून आदल्या दिवशी स्टेशनवर विचारा.

समुद्रासाठी पिरान आहे. जुनं व्हेनेशियन गाव, गोल चौक, चौकात १६९२ साली तिथेच जन्मलेल्या व्हायोलिनवादक तार्तिनीचा पुतळा, आणि जवळच सेचोव्ल्येची मिठागरं. ल्युब्लियानाहून एका दिवसात होतं. मिठाची लहान पिशवी आणायला उत्तम.

खाणं, बोलणं आणि रविवार

शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही, पण विचारून खावं लागतं. ‘श्त्रुक्ली’ म्हणजे पनीरासारखं सारण भरलेली उकडलेली गुंडाळी, मला ती पुडाच्या वडीची लांबची बहीण वाटली. गोडही मिळते, तिखट मात्र नाही, चटणी आपली. ‘अय्दोवी झ्गान्त्सी’ हे कुट्टूच्या पिठाचं घट्ट, मोकळं केलेलं पिठलंच, पण त्यावर बरेचदा चरबीचे तुकडे घालतात, आधी सांगून ठेवा. ‘योता’ सूपमध्येही डुकराचं मांस असतं. बेकरीतला चीजचा बुरेक, अक्रोडाचं सारण गुंडाळलेली गोड पोतित्सा (हिच्यातही अंडं असतं), भोपळ्याच्या बियांचं काळपट हिरवं तेल घातलेलं सॅलड हे निर्धोक. मध जरूर घ्या. मधमाशी तिथे घरच्यासारखी आहे. स्लोव्हेनियाच्याच प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी २० मे हा जागतिक मधमाशी दिन ठरवला, तो त्यांच्या आंतोन यान्शा या मधमाशीपालकाचा जन्मदिवस मानतात.

पाणी विकत घेऊ नका. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, आणि २०१६ मध्ये त्यांनी पिण्याच्या पाण्याचा हक्क राज्यघटनेतच लिहिला. उन्हाळ्यात टँकरची वाट बघत वाढलेल्या मला हे वाचून फार बरं वाटलं. चौकाचौकांत नळ आहेत, बाटली भरत राहा.

रविवारी दुकानं बंद असतात, तसा २०२० चा कायदाच आहे, आणि बसही कमी धावतात. आम्हाला हे शनिवारी रात्री कळलं. रविवारी बोहिनला आम्ही चिवडा, मेतकूट-भात आणि घरमालकीणबाईंनी दिलेलं ताक यांवर दिवस काढला. तांदूळ सोबत होते म्हणून. तुम्ही शनिवारी दुपारीच सामान भरा.

भाषेची भीती नको. इंग्रजी चालतं. पण दोन माणसांनी फिरायचं तर स्लोव्हेनियनसारखी भाषा नाही, कारण तिच्यात द्विवचन जिवंत आहे! मराठीत ते नाही, संस्कृतात आहे. एक कॉफी म्हणजे ‘एनो कावो’, दोन म्हणजे ‘द्वे कावी’, तीन झाल्या की ‘त्री कावे’. आपण दोघी म्हणजे ‘मिदवे’, संस्कृतातलं ‘आवाम्’. पहिल्या सकाळी काउंटरवर ही रूपं ऐकून ताई थबकल्या. मग हळूच म्हणाल्या, “अगं, द्वे! आवाम्!” बाहेरच्या खुर्चीवर बसून त्यांनी पाठ्यपुस्तकासारखी रूपं वहीत लिहून घेतली आणि त्या दिवसापासून आमच्या सगळ्या ऑर्डरी त्यांनीच दिल्या. “द्वे कावी, प्रोसिम.” ‘प्रोसिम’ म्हणजे कृपया, ‘ह्वाला’ म्हणजे आभार. पाट्या वाचताना इंग्रजी जे दिसलं की ‘य’ म्हणा आणि सी दिसला की ‘त्स’, मग कंडक्टरला कळतं.

शेवटचे दोन दिवस, नदीकाठी

ल्युब्लियाना नदीवरूनच बघा. २००७ पासून मधल्या भागात वाहनांना बंदी आहे, त्यामुळे काठानं निवांत चालता येतं. त्र्नोवो भागातून सुरुवात करा. तिथे वास्तुकार योझे प्लेच्निकनं काठाला पायऱ्या केल्या आहेत, माणसं सरळ पाण्याशी जाऊन बसतात. आमच्या महालाच्या अंगानं वाहणाऱ्या नाग नदीच्या काठी असं बसता यावं, असं मला तिथे फार वाटलं. पुढे तिहेरी पूल लागतो. १८४२ च्या एका जुन्या दगडी पुलाच्या दोन बाजूंना प्लेच्निकनं १९३२ पर्यंत पायी चालणाऱ्यांसाठी दोन पूल जोडले. मग बाजार आणि त्याचे खांब, मग १९०१ चा ड्रॅगन पूल. प्लेच्निकची ल्युब्लियानातली कामं २०२१ मध्ये जागतिक वारशात आली. त्याचं राष्ट्रीय ग्रंथालय आतून नक्की बघा. ३२ काळ्या खांबांमधला जिना अंधारातून उजेडाकडे नेतो. शहर संग्रहालयात जवळच्या दलदलीत सापडलेलं सुमारे ५,२०० वर्षांपूर्वीचं लाकडी चाक आहे, आसासकट. किल्ल्यावर चढायची गरज नाही, तिरकी रेल्वे वर नेते.

परतीच्या आदल्या दिवशी आम्ही वर्ह्निकाला गेलो. ल्युब्लियानाहून बसनं अर्ध्या-पाऊण तासाचं गाव, प्रवाशांच्या यादीत सहसा नसतं. गावातून चालत मोचिल्निक नावाच्या झऱ्यापाशी पोचलो. अर्धगोल कडा, झाडं वाकलेली, आणि खडकाखालून पाणी आवाज न करता वर येतंय. आठवड्यापूर्वी पोस्तोयनाच्या गुहेच्या तोंडाशी ज्या पिव्काला आम्ही आत जाताना पाहिलं, तिची वाट इथे संपत होती. मी काठावर बसून ताईंना सातही नावं सांगितली, दोन विसरले तर वही काढली. ताईंनी चप्पल काढून पाय बुडवले आणि ओंजळ भरून तोंडाशी नेली, तेव्हा मात्र मी हात धरला. चुनखडकातलं पाणी मातीतून गाळून येत नाही. भेगांमधून सरळ धावत येतं आणि वाटेतली घाणही तशीच आणतं. ते बघावं, हात लावावा, प्यायला नळाचं. ताईंनी पाणी परत नदीत सोडलं आणि म्हणाल्या, “बरं. मग गावात जाऊन द्वे कावी.” परतीच्या बसला दीड तास होता, तेवढ्यात झाल्या.